बंद शाळेत बेघरांचा निवारा : विरोधाच्या अर्जावर सही करण्याआधी बोलूया

मुठाकाठ

पुण्यात आमच्या प्रभागातली महापालिकेची एक शाळा पटसंख्या घटल्यामुळे बंद पडली आहे. तिथे बेघरांसाठी निवारा करण्याचा विचार चालू आहे असं कळल्यापासून सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर विरोधाचा अर्ज फिरतोय. ‘परिसराचं वातावरण बिघडेल’, ‘मुली संध्याकाळी क्लासहून एकट्या येतात’, ‘फ्लॅटचे भाव पडतील’. सह्या भराभर होताहेत. मी अर्ज दोनदा वाचला. ज्या माणसांना नको म्हणायचं आहे, ती कोण आहेत, कुठून आली, दिवसभर काय करतात, याबद्दल त्यात एक ओळ नाही.

वाघोलीत २२-२३ डिसेंबर २०२४ च्या मध्यरात्री केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला. तीन जीव गेले, त्यात दोन लहानगी भावंडं. कामासाठी अमरावतीकडून आलेली माणसं होती ती. तेव्हा याच गटांवर हळहळ होती, चालकाला शिव्या होत्या. पण इतकी माणसं लेकरांसकट रस्त्याकडेला का झोपली होती, हे कुणी विचारलं नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले गेले, महाराष्ट्रात २.१ लाखांच्या आसपास. ती मोजणी एकाच रात्रीत, २८ फेब्रुवारीला झाली. पुलाखाली किंवा अर्धवट बांधलेल्या इमारतीत आडवी झालेली किती माणसं त्यातून सुटली असतील, याचा विचार करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच मोठ्या शहरांना सांगितलं की दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, चोवीस तास आणि बाराही महिने. २०११ ला पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने एकतीस निवारे. तुमच्यापैकी किती जणांना शहरातला एक तरी निवारा कुठे आहे ते सांगता येईल?

माझं म्हणणं असं : प्रभागाच्या सभेआधी प्रत्येक सोसायटीत, मंडळात, ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन अर्धा तास बोलायचं. वर्गणी मागायची नाही, कपडे गोळा करायचे नाहीत. फक्त माहिती द्यायची. ज्यांना सही करायची आहे त्यांनी नंतर खुशाल करावी.

पर्वतीपायथा

सही करणाऱ्यांपैकी मी एक. मला निर्दय समजू नका, माझी बाजूही ऐका.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी एक रिकामी शेड होती. तिथे माणसं झोपायला लागली, त्याला आमची हरकत नव्हती. पुढे रात्री दारू पिणारे जमू लागले. ते बेघर नव्हते, आसपासचेच होते, पण अंधाऱ्या आणि बेवारस जागेचा फायदा घेत होते. तक्रार केली की पोलीस येत, उठवत, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी शेड पाडली. निवाऱ्याचंही असंच होईल अशी धास्ती आहे. उद्घाटन होईल, फलक लागेल, सहा महिन्यांनी चालवणाऱ्या संस्थेचं बिल थकेल, रखवालदार जाईल, दिवे जातील. आणि मग ती इमारत कुणाच्या गळ्यात? आमच्याच.

माझा विरोध त्या माणसांना नाही, चालवणाऱ्यांवर विश्वास नाही. जनजागृती करायची तर आधी महापालिकेत करा.

रात्रपाळी

पर्वतीपायथा काका, तुमची धास्ती खरी आहे. मी बरीच वर्षं रात्री स्टेशन, मंडई, पुलाखालच्या भागांत फिरून लोकांना निवाऱ्यात आणण्याचं काम करतोय. दिवे नसलेला, रखवालदार नसलेला निवारा बेघरांनाही नको असतो. सर्वांत आधी बायका तिथून निघून जातात.

पण ही माणसं दिवसभर काय करतात, ते सांगतो. मजूर अड्डा सकाळी सातच्या सुमारास भरतो. तिथे उभं राहायचं तर जवळच झोपावं लागतं, कारण लांबून यायला बसचे पैसे जातात आणि उशीर झाला की ठेकेदार निघून गेलेला असतो. एक बाई आहे, गवंड्याच्या हाताखाली काम करते. तीन विटांवर भाकरी करते आणि झाडूवाले यायच्या आत चूल विझवून राख पिशवीत भरून ठेवते, कचरा केला म्हणून कुणी हाकलू नये यासाठी. आधार कार्ड, मुलाचा लसीकरणाचा कागद आणि बँकेचं पासबुक दुधाच्या पिशवीत गुंडाळून कमरेला बांधलेलं असतं. झोपेतही सोडत नाही. पूर्वी एकदा अतिक्रमणवाल्यांच्या गाडीत बोचकं गेलं, त्यात सगळे कागद गेले. ते परत काढायला पत्त्याचा पुरावा लागतो, आणि पत्ता तर तिला नाहीच. शौचालयाला दर खेपेला पैसे पडतात, म्हणून ती दिवसभर पाणी बेतानेच पिते. उन्हाळ्यात मुतखड्याने लोळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

‘काम करायला नको, फुकट खायला हवं’ असं कुणी म्हटलं की मला ही बाई आठवते.

कातळ

मी निवाऱ्याच्या बाजूचा, पण जनजागृतीच्या विरोधात. कारण अनुभव.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात तरुणांच्या एका गटाने फार प्रेमाने मोहीम केली. पुलाखाली राहणाऱ्या कुटुंबांचे फोटो, त्यांच्या कहाण्या, जागेच्या नावासकट. खूप पसरलं. एक आठवडा जेवण, कपडे, खेळणी यांचा पूर आला. मग शेजारच्या इमारतींतून तक्रारी सुरू झाल्या की गर्दी वाढली, कचरा वाढला. त्यानंतर अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि पूल मोकळा केला. ती कुटुंबं कुठे गेली, कुणाला पत्ता नाही. त्या कुटुंबांतली दोन मुलं पालिकेच्या शाळेत जाऊ लागली होती.

रस्त्यावरच्या माणसाचं संरक्षण असतं ते कुणाच्या नजरेत न भरण्यात. तुम्ही उजेड पाडलात की आधी मदत येते आणि मागोमाग हुकूम येतो. मदत आठ दिवसांत आटते, हुकूम राहतो.

डिसेंबरात ब्लँकेटं वाटणाऱ्यांचंही तेच. एका रांगेला चार चार संस्था ब्लँकेटं देतात. ठेवायला जागा नसल्यामुळे माणसं ती विकतात, मग आपण म्हणतो, बघा, दिलेलं विकतात. त्यांना हवी असते कुलूप लागणारी एक पेटी, पाणी आणि मोरी. हे आयुक्तांशी भांडून मिळतं, सोसायट्यांत भाषणं देऊन नाही.

मुठाकाठ

कातळ, फोटो नको, जागेचं नाव नको, कुणाचीही कहाणी नावानिशी नको, हे शंभर टक्के मान्य. तुमच्या भागातल्या त्या गटाने उजेड पुलाखाली पाडला. मला तो बाल्कनीत पाडायचा आहे. ज्यांच्या अर्जामुळे निवारा अडतो त्यांच्याशी बोलायचं आहे. तुम्ही आयुक्तांशी भांडलात आणि मंजुरी आणलीत, तरी शाळेच्या फाटकासमोर दोनशे माणसं उभी राहिली तर कुठला नगरसेवक त्या मंजुरीमागे उभा राहणार आहे? मतं सोसायटीत आहेत.

वकीलताई

मतांवरून सांगते, कारण हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. बेघर माणसाला मतदार होता येतं. निवडणूक आयोगाचा नियम असा की त्याने फॉर्म ६ मध्ये जिथे झोपतो ती जागा लिहायची, आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री तिथे जाऊन, एकापेक्षा जास्त रात्री, तो खरंच तिथे झोपतो का याची खात्री करायची. खात्री पटली तर पत्त्याचा वेगळा कागद लागत नाही.

दुसरी गोष्ट. मुंबईतल्या फुटपाथवासीयांचा खटला १९८१ च्या पावसाळ्यातल्या हकालपट्टीवरून उभा राहिला आणि १९८५ मध्ये न्या. य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्यात स्पष्ट मांडलं. पण त्याच निकालाने फुटपाथ मोकळे करायचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. फक्त नोटीस हवी, आणि त्या वर्षीचा पावसाळा संपून ऑक्टोबर सरेपर्यंत उठवायचं नाही, एवढंच. चळवळीतले लोक पहिला अर्धा सांगतात, अधिकारी दुसरा. सभेत दोन्ही सांगायला हवेत, नाहीतर समोरचा एखादा जाणकार उठून तुम्हाला खोटं पाडेल.

आणि १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा विसरू नका. त्यात भिकाऱ्याच्या व्याख्येत, उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही बसू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथल्यापुरती त्यातली बरीच कलमं रद्द केली. महाराष्ट्रात कायदा उभा आहे. कामाच्या शोधात अड्ड्यावर बसलेल्या मजुरालाही त्याची भीती दाखवता येते, हे लोकांना कळलं पाहिजे.

पर्वतीपायथा

वकीलताई, मुंबई उच्च न्यायालयानेच २०२१ मध्ये म्हटलं होतं ना, की बेघरांनीही देशासाठी काम केलं पाहिजे, सगळंच सरकार पुरवू शकत नाही? त्यावर काय म्हणाल?

वकीलताई

हो, म्हटलं होतं. बेघर आणि भिकाऱ्यांना दिवसातून तीन वेळा जेवण, पिण्याचं पाणी, निवारा आणि स्वच्छतागृह मिळावं, अशी ती जनहित याचिका होती. पण तेव्हा महापालिकेने ज्या सोयी आहेत म्हणून सांगितल्या, त्यांची व्याप्ती वाढवण्याची गरज न्यायालयाने नाकारली नाही. आणि काम करायला सांगायचं तर रात्रपाळी यांनी लिहिलेली बाई सकाळी सातला कुठे असते ते वर आहेच.

वऱ्हाडी माणूस

मी अमरावती जिल्ह्यातला, नोकरीनं पिंपरीला. वाघोलीचं लिहिलंत म्हणून लिहितो. अर्जात ‘बाहेरचे’ शब्द आहे असं ऐकलं. आमच्याकडं कापूस वेचून झाला, तूर निघाली, की कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या हाताला काम राहत नाही. मग मुकादम गावात येतो, उचल देतो आणि ट्रॅव्हल्समध्ये बसवतो. पुण्यात उतरल्यावर पहिल्या रात्री कुठं झोपायचं, हे त्यानं सांगितलेलं नसतं. साइटवर पत्र्याची खोली मिळाली तर नशीब. काम संपलं की खोलीही गेली.

आणि फासेपारधी समाजातली कित्येक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या शहराच्या सिग्नलवर गजरे विकताहेत. १८७१ च्या कायद्यानं त्यांच्या कपाळावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. कायदा १९५२ ला गेला, पण चोरी झाली की आधी त्यांनाच उचलतात. त्यांना गावात गावकरी टिकू देत नाहीत, शहरात तुम्ही. हे पुण्यात कमावलेल्या, शिकलेल्या माणसांना माहीत नसेल तर सांगाच. आमच्या माणसांबद्दल बोला, पण आम्हालाही बोलवा.

समुपदेशक

एक गट अजून चर्चेत आला नाही. केस वाढलेले, अंगावर चिंध्या, स्वतःशी बोलणारे. लोक घाबरतात ते बहुतेक यांना, आणि अर्जातली ‘मुलींची सुरक्षितता’ही बरीचशी यांच्यावरूनच आली असणार. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार असा माणूस स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल, तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. कोठडीत टाकायचं नाही. नागरिक म्हणून आपण ठाण्यात फोन करून हे कलम सांगू शकतो. मी सांगितलं आहे. एका हवालदाराला ते माहीत नव्हतं, त्यांनी फोनवरच कलम लिहून घेतलं आणि गाडी पाठवली.

उपचाराने ही माणसं घरी जातात. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांनी रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना बरं करून कुटुंबांकडे पोचवलं आहे, २०१८ चा मॅगसेसे त्याबद्दलच होता. नगरजवळ शिंगव्याला डॉ. धामणे दांपत्य रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांना सांभाळतं. त्यातल्या बऱ्याच जणींवर रस्त्यावर अत्याचार झालेले असतात. धोका कुणाला कुणापासून आहे, हे सभेत स्पष्ट बोलायला हवं.

फक्त एक करा, या रुग्णांना साध्या निवाऱ्यात कोंबू नका. त्यांना आधी दवाखाना लागतो.

पर्वतीपायथा

वरचं सगळं वाचलं. सही मागे घेत नाही. पण अर्जाचा मजकूर बदलायला मी तयार आहे, आणि माझ्या इमारतीत तुम्ही येऊन बोला, मी माणसं जमवतो. ‘निवारा नको’ऐवजी अटी घालू. रखवालदार आणि बाई काळजीवाहक रात्रंदिवस, गल्लीत दिवे, दर महिन्याला रहिवासी आणि निवाऱ्यातल्या लोकांची एकत्र बैठक, आणि संस्थेचं बिल थकलं तर जबाबदार कोण, त्या अधिकाऱ्याचं नाव लेखी.

रात्रपाळी

काका, यातल्या दिवे, काळजीवाहक आणि बैठक या अटी मी निवाऱ्याच्या बाजूने मागितल्या असत्या. यात तीन घाला. केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानाच्या सूचनांत माणशी किमान ५० चौरस फूट जागा धरली होती, तेवढी मिळालीच पाहिजे. कुटुंबाला एकत्र राहता आलं पाहिजे. नवऱ्याला एका टोकाला आणि बायकोला दुसऱ्या टोकाला पाठवणाऱ्या निवाऱ्यात कुणी जात नाही, ते फुटपाथवरच राहतात. आणि प्रत्येकाला कुलपाची पेटी, जी कातळ यांनी वर लिहिली.

कातळ

अटींचा अर्ज असेल तर माझीही सही घ्या. पण माझं म्हणणं कायम आहे. सोसायट्यांतल्या बैठका चालू असताना इकडे गाडी येऊन अड्ड्याजवळची माणसं उठवली गेली, तर ते कोण थांबवणार? सभेआधी अतिक्रमण विभागाला लेखी पत्र द्या की निवारा सुरू होईपर्यंत कुणाचं सामान उचलू नये. ते पत्र दिल्याशिवाय मी एकाही बैठकीला येणार नाही.

मुठाकाठ

पत्राचा मसुदा वकीलताईंनी करावा, उद्या मी क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घेते. पर्वतीपायथा काका, तुमच्या इमारतीतली बैठक पहिली ठेवू, आणि वऱ्हाडी दादा, तुम्ही त्या दिवशी याच.

पर्वतीपायथा

रविवारी सकाळी दहा, पार्किंगमध्ये. विरोध करणारेही येतील, मोठ्या संख्येने. त्यांना बोलू द्या.