पार्सल, पाच पिशव्या आणि माझा कडीचा डबा

भाकरतुकडा
परवा इथल्या एका धाग्यावर एका सभासदाने लिहिलं होतं, 'हॉटेलांवरची प्लास्टिकबंदी म्हणजे एसीत बसणाऱ्यांचं खूळ. सांबार काय आता ओंजळीत न्यायचं?' खाली टाळ्यांचा नुसता पाऊस. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण काल रात्रीच्या प्रकारानंतर गप्प बसवेना.

ऑफिसातून येताना नेहमीच्या हॉटेलात पार्सल घ्यायला थांबलो. बरोबर कडीचा डबा. गल्ल्यावरचा म्हणे, "बाहेरचं भांडं चालत नाही." का? "नियम आहे." कुणाचा? "मालकांचा." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने पातळ पारदर्शक पिशवीत उकळता रस्सा ओतला, तोंड पिळलं, रबर गुंडाळला. ती दुसऱ्या पिशवीत. कांदा-लिंबाची तिसरी, चटणीची चौथी आणि सगळ्यांना पोटात घेणारी पाचवी. दोन माणसांच्या जेवणाला पाच पिशव्या! घरी रबर निघेना म्हणून कात्री लावली, तर कापलेला कोपरा रश्शात पडला. चमच्याने शोधत बसलो.

महाराष्ट्राची प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची. तीन महिन्यांची मुदत देऊन २३ जूनपासून दंड सुरू झाला. पार्सलच्या वाट्या, डबे, चमचे, स्ट्रॉ, थर्माकोलची ताटं, सगळं त्यात नाव घेऊन लिहिलं होतं. १ जुलै २०२२ ला केंद्राची बंदी आली. तरी अजून 'हॉटेलवाल्यांना वेळ द्या'चं रडगाणं चालूच. एवढ्या वेळात पोरगं शाळेत जायला लागतं हो.

ओंजळीत नेऊ नका, डबा न्या. आपल्या आयांनी दूध किटलीतून आणि तेल बरणीतून आणलंच ना?

गल्ल्यावरचा
त्या पोराच्या जागी मी असतो तरी हेच म्हणालो असतो. सतरा वर्षं हॉटेल चालवतोय, म्हणून सांगतो.

तुमचा डबा कसा धुतलाय ते मला काय माहीत? एका गिऱ्हाइकाला डब्यात रस्सा दिला. दोन तासांनी फोन, 'आंबलाय, पैसे परत द्या.' त्या डब्यात सकाळी ताक होतं हे नंतर त्याचाच मुलगा बोलून गेला. नाव गेलं ते माझं. दुसरं, माप. आमच्या वाटीत भरून दिलं तर कुणी बोलत नाही, तेवढंच तुमच्या मोठ्या डब्यात ओतलं की 'एवढंसंच?' चालू. मागे दहा माणसं उभी, त्यात मी पळ्या मोजून दाखवू?

आणि दंडाचं कौतुक मला सांगू नका. २०१८ च्या पावसाळ्यात माझी ५००० ची पावती फाडली. जुन्या मालातल्या वाट्या होत्या, पंचवीस-तीस असतील. शेजारच्या टपरीवर वेफर्सच्या चकचकीत माळा लोंबत होत्या, तिकडे पथकातल्या एकानेही मान वळवली नाही. पुढे किराणावाल्यांना पॅकिंगच्या पिशव्यांची सवलत मिळाली, आमच्या वाट्यांना नाही. कंपनीचं प्लास्टिक म्हणजे पॅकिंग आणि माझं म्हणजे प्रदूषण.

मायक्रॉन मास्तर
दोघेही अर्धवट माहितीवर भांडताय.

केंद्राच्या यादीत ताटं, कप, ग्लास, काटे, चमचे, सुऱ्या, स्ट्रॉ, ट्रे, मिठाईच्या बॉक्सभोवतीची फिल्म वगैरे आहे. झाकणाचे पार्सल डबे त्यात नावानिशी नाहीत, राज्याच्या अधिसूचनेत आहेत. म्हणून पुरवठादार हॉटेलवाल्याला केंद्राचा कागद दाखवतो आणि पथक राज्याचा. पिशव्यांची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन. भाकरतुकडा यांच्या पाचही पिशव्यांची जाडी एकत्र केली तरी १२० होईल का, शंका आहे.

'कागदी' कपांचंही सांगतो. नुसता कागद चहात टिकेल का? आत प्लास्टिकचं अस्तर असतं. म्हणूनच जुलै २०२२ मध्ये राज्याने प्लास्टिकचा थर दिलेले कप, ताटं, वाट्याही बंद केल्या. पत्रावळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी हल्लीच्या चंदेरी पत्रावळीचा थर नखाने सोलून पाहावा.

थर्माकोलमध्ये बहुतेक हवाच असते. टेम्पोभर गोळा केलं तरी वजन नगण्य, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. ते पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि आपण त्यात उकळती तर्री ओततो. बंदीतला सर्वांत निर्विवाद भाग कुठला असेल तर हा.

सागरगोटा
मी किनाऱ्यावर राहते. पावसाळ्यात उधाणाच्या दुसऱ्या दिवशी समुद्र सगळं परत आणून टाकतो. पिशव्या तरी ओढून काढता येतात. थर्माकोलच्या ताटाचे साबुदाण्याएवढे दाणे होतात आणि वाळूत मिसळतात. आम्ही पीठ चाळायची चाळण घेऊन बसलो होतो एकदा. दोन तासांत अर्धी बादली. 'निर्विवाद' हा शब्द वाचून बरं वाटलं.

वायफळ
२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, मुंबई बुडाली आणि दोषी ठरली पातळ पिशवी. ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्या बंद करणारा राज्याचा नियम तेव्हाचाच ना? नाल्यांवरची बांधकामं बहुधा कंपोस्ट होणारी असावीत.

सागरगोटा
नाल्यावर बांधकामं होती म्हणून पिशव्यांनी तुंबलेली तोंडं आपोआप मोकळी होत नाहीत. दोन्ही गुन्हेगार असू शकतात.

पाटावरवंटा
सगळं वाचलं. एकच विचारते. भाकरतुकडा, तुमचा तो कडीचा डबा घासतं कोण?

भाकरतुकडा
विषय काय, प्रश्न काय! पर्यावरणाच्या चर्चेत हे कशाला?

पाटावरवंटा
म्हणजे तुम्ही घासत नाही. कळलं.

शनिवारी रात्री बाहेरून मागवायचं, ते एक वेळ तरी ओटा आवरावा लागू नये म्हणून. तुम्ही डबा घेऊन जाता, गल्ल्यावर बाणेदारपणे भांडता, घरी येऊन जेवता आणि डबा सिंकमध्ये ठेवून इथे लिहायला बसता. कडीच्या खाचेत तर्रीचं तेल जाऊन बसतं. सकाळपर्यंत वाळतं. ते जुन्या टूथब्रशशिवाय निघत नाही आणि निघालं तरी पुढच्या शिऱ्याला मिसळीचा वास येतो. किटलीतून दूध आणणाऱ्या आया तुम्हाला बरोबर आठवतात. त्या किटल्या राखेने घासणाऱ्याही त्याच होत्या, हे नाही आठवत.

मी बंदीच्या बाजूने आहे, हे आधीच सांगते. पण प्लास्टिक जाऊन आलेलं काम घरात कुणाच्या वाट्याला आलं, याचं एक वाक्य या धाग्यात नाही.

रविवारची भाजी
आमच्याकडे भांडी मीच घासतो. सगळ्या पुरुषांना एका माळेत ओवू नका.

पाटावरवंटा
आरतीचं तबक आणते, थांबा.

भाकरतुकडा
ही वैयक्तिक टीका आहे. माझ्या घरात कोण काय करतं हा चर्चेचा विषय होऊ शकत नाही. आणि कामाला मावशी येतात आमच्याकडे.

पाटावरवंटा
मग मावशींच्या वाट्याला आलं. डबे वाढले तशी त्यांची पगारवाढ केलीत का?

वायफळ
धागा प्लास्टिकचा, पेटला भांड्यांवर. प्लास्टिक जळल्याचा वास येतोय मात्र.

गल्ल्यावरचा
ताईंनी बरोबर खिळ्यावर हातोडा घातला. भांडी घासायला माणूस मिळत नाही म्हणूनच तर आम्ही डिस्पोजेबलकडे वळलो. माझ्याकडे दोन पोरं मोरीवर होती. एक दिवाळीला गावी गेला तो आलाच नाही. त्या महिन्यात मी गल्ला बायकोकडे देऊन स्वतः ताटं विसळली आहेत.

बगॅसचे, म्हणजे उसाच्या चिपाडाचे, डबेही आणून बघितले. सुकी भाजी, पुलाव झकास जातो. रश्शाला झाकण बसत नाही. स्कूटरच्या डिकीत तर्री सांडलेला एक वकील माझ्याशी जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. २०२२ च्या शेवटी कंपोस्ट होणाऱ्या मालाला परवानगी मिळाली, प्रमाणपत्र पाहिजे म्हणे. प्रमाणपत्र खरं की खोटं हे मी फोडणी देताना कसं ओळखू?

मायक्रॉन मास्तर
आणि त्यातला बराच माल कंपोस्ट व्हायला मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते. कुंडीत पुरून महिन्याभराने उकरलात तर लोगोसकट बाहेर येईल.

अनामत रकमेचं कुणी बोलत नाही, याचं आश्चर्य वाटतं. २०१८ च्या नियमात दुधाच्या पिशवीला ५० पैसे परत मिळण्याची तरतूद होती. पाण्याच्या मोठ्या बाटलीला १ रुपया, छोटीला २ रुपये. इथे कुणाला ते ५० पैसे मिळाले असतील तर हात वर करा.

रविवारची भाजी
दूधवाल्याकडे मागितले होते. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच अर्धा लिटर जास्त घेऊन आलो.

गल्ल्यावरचा
अनामत मी करून बसलोय मास्तर. स्टीलचे वीस डबे घेतले, शंभर रुपये अनामत ठेवली. वीस गेले, अकरा परत आले. डबा शंभराहून महाग होता, लोकांनी हिशेब बरोबर केला. उरलेले नऊ आज कुणाच्या तरी घरात डाळ-तांदूळ सांभाळतायत.

भाकरतुकडा
मग अनामत दोनशे ठेवायची होती.

गल्ल्यावरचा
आणि गिऱ्हाईक समोरच्याकडे पाठवायचं होतं. तो पिशवीत देतो, फुकट. नियम सगळ्यांना सारखा लागला तर मी उद्या डबे काढतो. आज पाळणारा येडा ठरतो.

सागरगोटा
या धाग्यातलं हे पहिलं वाक्य जे दोन्ही बाजूंना मान्य व्हावं.

वायफळ
घाईघाईने सहमती नको, अजून वडापाव आलेला नाही. पिशवी गेल्यावर आमचा वडेवाला रद्दीवर उतरला. परवा वड्यावर शेअर बाजाराचे भाव उलटे उमटले होते.

मायक्रॉन मास्तर
छापील वर्तमानपत्रात अन्न बांधायला एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई आहे, १ जुलै २०१९ पासून लागू. शाईतली रसायनं गरम तेलात उतरतात. कोरा कागद वापरायला सांगा.

वायफळ
सांगितलं. म्हणाला, "कोऱ्या कागदावर वाचणार काय?"

भाकरतुकडा
दोन दिवस मुद्दाम लिहिलं नाही. काल पुन्हा पार्सल आणलं. दुसऱ्या हॉटेलातून, तिथे डबा चालला. जेवण झाल्यावर डबा मीच घासला. टूथब्रश घेतला, तीन पाणी बदललं, तरी खाचेत बोट फिरवलं की लाल. बायको दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

पाटावरवंटा, तुमचं अर्धं मान्य. बोलण्याची पद्धत मान्य नाही.

पाटावरवंटा
पद्धत तुमच्या डब्यासारखीच आहे, तिखट उतरत नाही. आधी कोरडं पीठ चोळा, ते तेल ओढून घेतं. मग गरम पाणी. थेट साबण लावला म्हणून फसलात.

गल्ल्यावरचा
बायकोने हा धागा वाचला आणि आमच्या घरीही 'कोण घासतं' सुरू झालं, त्याबद्दल ताईंचे आभार.

उद्यापासून माझ्याकडे डबा चालेल. दुपारी तीन ते सहा, गर्दी नसताना. तीन वाट्या मोजून ओतेन, 'एवढंसंच?' ऐकून घेणार नाही. ताकाचा वास आला तर परत. आणि कृपा करून रुंद तोंडाचा आणा. मागे एक काका तांब्या घेऊन आले होते, पळी आत जाईना आणि काका मागे हटेनात.