मागच्या प्लॉटमधले गुलाबी तुरे

सी-१०२ : मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये हे गुलाबी-पांढरे तुरे सगळीकडे आलेत, फोटो टाकलाय. मुलं तोडून खेळतायत. विषारी नाही ना?

ए-४०१ सेक्रेटरी : तण आहे. रविवारी तणनाशक मारायला माणूस सांगितलाय.

बी-२०३ आजी : अहो, थांबा जरा. कुर्डू आहे तो. आमच्याकडे बाजरीत नुसता माजायचा. पण पहिल्या खुरपणीचा कोवळा पाला कुणी बांधावर टाकत नसे, संध्याकाळी त्याचीच भाजी. विषारी नाही.

डी-३०४ : आजी, आघाडा नाही ना हा? गौरीला आणतो तो?

बी-२०३ आजी : नाही रे बाळा. आघाड्याची पानं समोरासमोर जोडीनं येतात, आणि त्याची कुसळं कपड्यांना चिकटतात. कुर्डूचं पान एकाआड एक, लांबट, टोकाला निमुळतं. तुऱ्याला हात लावून बघ, कोरडा लागतो, कागदासारखा. शेंड्याला गुलाबी, खाली जुना होत गेला की चंदेरी. खालचा वाळलेला भाग तळहातावर चोळलास तर बारीक काळं चकचकीत बी पडेल.

डी-३०४ : खाली जाऊन चोळून बघितलं. बी अगदी तसंच आहे!

ई-५०२ ताई : आजींचं बरोबर आहे. शास्त्रीय नाव सिलोशिया अर्जेंटिया, माठ-राजगिऱ्याच्या कुळातला. बागेतलं कोंबडा नावाचं फुलझाड याचंच भाऊबंद. नायजेरियात तर पालेभाजी म्हणून मुद्दाम लावतात.

सी-१०२ : मग आजच खुडू का?

बी-२०३ आजी : आता नको गं. तुरा आला की पान चिवट होतं. फुलावरून आत्ता जागा ओळखून ठेवायची आणि पाला खायचा पुढच्या आषाढ-श्रावणात, रोप वीतभर असताना. नुसते शेंडे खुडायचे. उकळत्या पाण्यात पाला घालून एक उकळी काढायची, पाणी ओतून द्यायचं, पिळून बारीक चिरायचा. तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि भरपूर कांदा, त्यावर भिजवलेली मूगडाळ. डाळ बोटचेपी झाली की पाला. मीठ अगदी शेवटी, कारण टोपलीभर पाल्याची भाजी वाटीभर होते, आधी घातलं तर हमखास खारट. बरोबर गरम भाकरी.

ए-१०३ काका : मला मूतखड्याचा त्रास आहे. चालेल?

ई-५०२ ताई : काका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पालकासारखं यातही ऑक्झलेट असतं, त्यानंच बरेचसे मूतखडे होतात. उकळून पाणी टाकल्यावर कमी होतं, पण सगळं जात नाही. आणि सर्वांनाच सांगते, गटाराच्या बाजूचा पाला नको. तणनाशक मारलेल्या जागेतला तर अजिबात नको.

ए-४०१ सेक्रेटरी : मग फवारणी रद्द करतो. पण तळमजल्यावाल्यांची सापांची तक्रार आहे, ती कशी सोडवू?

बी-२०३ आजी : भिंतीलगतचं आणि पायवाटेचं विळ्यानं कापून घ्या. मधले तुरे वाळेपर्यंत राहू द्या, बी तिथंच पडेल. फक्त पलीकडच्या शेतात जाऊ देऊ नका, त्या बिचाऱ्यांना खुरपणीचा ताप.

ए-४०१ सेक्रेटरी : ठीक आहे आजी. शेताकडची कडही कापायला सांगतो. माळी शनिवारी सकाळी येईल. कुठपर्यंत कापायचं ते दाखवायला खाली याल का?

बी-२०३ आजी : येते. नातवालाही आणते, पान ओळखायला शिकेल.