आईचं वय वंदना कार्ड हरवलं, आता पहिल्यापासून अर्ज करायचा का?

मिरजकर: आई ७४ वर्षांची. एसटीत पिशवी राहिली, त्यातच तिचं ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनचं चाललंय. इथला एक केंद्रवाला म्हणतो, सगळं नव्याने करावं लागेल, पाचशे रुपये द्या. खरं आहे का? आणि बाबा ६८ चे आहेत, ते याच कार्डावर बसतील का?

सुनंदाताई: पाचशे सोडा, एक रुपयाही देऊ नका. मी आरोग्यमित्र म्हणून, म्हणजे दवाखान्यात योजनेच्या रुग्णांना मदत करायचं काम करते, रोज हेच बघते. कार्ड गेलं म्हणजे विमा गेला असं होत नाही. आईंची नोंद आधारशी जोडलेली आहे, हरवला तो फक्त कागद. आयुष्मान ॲपमध्ये ‘लाभार्थी’ म्हणून लॉगिन करा, आईंचा आधार नंबर टाका, ओटीपी द्या आणि कार्ड पुन्हा डाउनलोड करून घ्या. पीडीएफ तुमच्या मोबाईलवर पण ठेवा.

बाबांचं मात्र थांबावं लागेल. आधारवर ७० पूर्ण हवीत. तोवर त्यांच्यासाठी महात्मा फुले योजना आहे, रेशनकार्ड आणि आधार जपून ठेवा.

मिरजकर: ताई, आधारला जोडलेला नंबर बंद पडलाय. आणि आईच्या बोटांचे ठसे मशीन घेतच नाही.

सुनंदाताई: जन्मभर शेतात, चुलीपाशी राबलेल्या बोटांच्या रेषाच पुसट होतात हो. आमच्याकडे आलेल्या एका आजींचे दहाच्या दहा ठसे नापास झाले, त्या रडवेल्या झाल्या होत्या. डोळ्यांच्या स्कॅनवर लगेच काम झालं. चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. केंद्रावर तसं स्पष्ट सांगा. नंतर सवडीने आधार केंद्रात नवा नंबर जोडून घ्या.

ऑपरेशनची तारीख घेण्याआधी योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर फोन करा. दवाखाना योजनेत आहे का एवढंच विचारू नका, गुडघ्याचं ऑपरेशन तिथे योजनेतून होतं का तेही विचारा. इथेच लोक फसतात. जुना आजार असला तरी अडत नाही. पण नुसती तपासणी, रोजच्या गोळ्या यात येत नाहीत, दाखल व्हावं लागतं.

निवृत्त_पोस्टमन: मला सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना आहे. दोन्ही चालतील?

सुनंदाताई: नाही काका, दोन्हींतलं एकच निवडावं लागतं. खाजगी मेडिक्लेम असेल तर मात्र तो ठेवून हे कार्डही काढता येतं.