पत्रिका आहे की विजेचं बिल?

रामबागकर:
काल इथे एकाने लिहिलं की लग्नपत्रिकेवर 'अमुक तारखेपर्यंत कळवा, न कळवल्यास येणार नाही असे समजू' हे छापणं ही सुधारणा आहे, आणि इंदूरच्या मराठी लोकांनी ती केव्हाच उचलायला हवी होती. खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग! डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. वर कुलदैवत, मध्ये 'अगत्य येणेचे करावे', कोपऱ्यात 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं', आणि तळाशी शेवटची तारीख? पत्रिका आहे की विजेचं बिल? आमच्याकडे दारात मांडव पडायचा, मागे हलवाई भट्टी लावायचा. माणसं वाढली की आणखी तांदूळ धुवायला टाकायचे. उपाशी कोणी गेलं नाही.

प्लेटवाला बाप:
काका, भट्टी गेली, आता प्लेट आहे. मुलीचं लग्न बायपासच्या एका मॅरेज गार्डनमध्ये केलं. कॅटररला आठवडाभर आधी पक्का आकडा द्यायचा, त्याला तो गॅरंटी म्हणतो. कमी आले तरी पैसे गॅरंटीचेच, जास्त आले तर वरच्या प्लेटा वेगळ्या. त्याचा माणूस प्लेटा मोजत थप्पीपाशी खुर्ची टाकून बसतो. रात्री पाठवणी चाललेली आणि माझा भाऊ उष्ट्या प्लेटांच्या क्रेटवर वाकून त्याच्याशी हुज्जत घालतोय! 'घरचंच कार्य, येणारच' म्हणणारे कितीतरी आले नाहीत. तुळशीची लग्नं लागली की इंदुरात एका संध्याकाळी तीन-तीन गार्डनं असतात. एकीकडे पाकीट, दुसरीकडे चाट, जेवण तिसरीकडे. माझं गार्डन यांतलं कुठलं होतं ते कळलं.

लोकमान्यनगरची काकू:
तारखेचं मला काही नाही. पण पत्रिका पीडीएफने? माझ्या जावेकडे यजमान जोडीने गेले, अक्षत दिली, मिठाईचा डबा दिला. आम्ही त्याच गल्लीत! आमच्या मोबाइलवर मात्र फॉर्म: नाव, किती जण, जैन जेवण हवं का. तीस वर्षं आमच्याकडे कांद्याची भजी खाणारी माणसं ही. नाही भरला फॉर्म. बघू कोण फोन करतं.

प्लेटवाला बाप:
म्हणजे उत्तर द्यायचं नाही आणि वर्षभर ऐकवायचं, बोलावलं नाही म्हणून.

लोकमान्यनगरची काकू:
तोंड सांभाळून. पहिली पत्रिका खजरान्याच्या गणपतीला स्वतः नेऊन ठेवता ना? की त्यालाही पीडीएफ?

विजयनगर भिया:
गणपती गल्लीबोळात राहत नाही काकू. संध्याकाळी राजवाड्याकडे गाडी लावून दाखवा. आई-बाबांनी सुट्टीचे सगळे दिवस अक्षती वाटण्यात घालवले, प्रत्येक घरी चहा-पोहे, आणि बाबांची शुगर वर. कशासाठी? तर दोन घरं राहिली म्हणून ती दोन्ही अजून बोलत नाहीत.

लोकमान्यनगरची काकू:
दोन घरं राहिलीच ना पण?

कल्याणहून अवंतिका:
तुमच्या गल्लीतून जरा बाहेर येता का? आम्हाला 'महिनाभर आधी कळवा' आलंय. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 होतं. पत्रिका हातात येईपर्यंत मुंबई-इंदूर अवंतिका एक्सप्रेसला वेटिंग. कन्फर्म झालं की नाही ते चार्ट लागल्यावर कळणार, म्हणजे गाडीच्या दिवशी. मी फॉर्ममध्ये काय लिहू, 'वेटिंग'? त्यात 'हो', 'नाही' दोनच रकाने आहेत.

प्लेटवाला बाप:
हा मुद्दा खरा आहे. पण हॉटेलच्या खोल्याही महिनाभर आधीच धरायच्या असतात, त्या तुमच्यासाठीच.

कचरागाडी:
कशाला भांडता? उरलेला मसालेभात देवगुराडियाच्या कचरा प्लांटला जातो. 2022 मध्ये तिथे रोज 550 टन ओला कचरा पचवायची सोय झाली, त्यातून निघणाऱ्या गॅसवर बस चालतात. न आलेल्या पाहुण्यांनी शहराची सेवाच केली!

रामबागकर:
विनोद झाला. पण पंगत असती तर भात उरलाच नसता. वाढपी विचारून वाढतो. बुफेत माणूस मंचुरियनवर बासुंदी घेतो आणि अर्धं टाकतो. मूळ रोग तो आहे.

विजयनगर भिया:
मूळ रोग तारीख होता ना, काका? दोन पोस्टमध्ये मंचुरियनवर आलात. पंगत लावा, पण वाढायला कोण? तुमचे नातू कमरेला उपरणं बांधून मठ्ठा फिरवणार आहेत का? माझ्या मुंजीत मामांनी जिलबीचा आग्रह इतका केला की एक आजोबा पानावरच ओकले. तेही अन्न वायाच.

रामबागकर:
असभ्यपणा पुरे. आग्रहात माया असते, ती कॅटररच्या थप्पीत नसते. तरी बाहेरगावच्यांना तारीख घाला, खोल्यांचा प्रश्न आहे, समजलं. पत्रिकेवर नको, वेगळ्या चिठ्ठीवर.

प्लेटवाला बाप:
उपकार झाले. आणि गावातल्यांना?

रामबागकर:
गावातल्यांना गॅरंटी द्यायच्या दोन दिवस आधी फोन.

कल्याणहून अवंतिका:
आणि वेटिंगवाल्यांचा तिसरा रकाना?

लोकमान्यनगरची काकू:
फोन चालेल. पण मुलाच्या आईने करायचा. मागे एकांकडून कुठल्या तरी इव्हेंटवाल्या मुलीचा आला, 'मॅम, आर यू कमिंग?' मी म्हटलं राँग नंबर.