मुलुंडचा दीड कोटीचा फ्लॅट : वरखर्च किती, धोका कुठे

सप्रेम नमस्कार मंडळी,
मुलुंडला बांधकाम चालू असलेला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी घ्यायचं चाललंय. बावीसावा मजला, किंमत दीड कोटी, आम्हा दोघांच्या नावावर. बिल्डर बुकिंगलाच ३० लाख मागतोय. वरखर्च किती धरू? आणि सह्यांसाठी दुबईहून यावंच लागेल का?

—

ताई,
३० लाख मुळीच देऊ नका. रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याप्रमाणे विक्रीकरार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. तुमच्या बाबतीत १५ लाख. जो या पहिल्याच पायरीवर नियम मोडतो, तो पुढे कसा वागेल याचा विचार करा.

आता खर्च. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के, म्हणजे ९ लाख. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असल्याने ५ टक्के जीएसटी, साडेसात लाख. झाले १६ लाख ८० हजार. त्यावर पार्किंग, क्लब, सोसायटी स्थापना, आगाऊ मेंटेनन्स हे बिल्डरचे आकडे वेगळे. ते लेखी मागा, तोंडी ‘बघू नंतर’ चालवून घेऊ नका. फ्लॅट फक्त तुमच्या नावावर घेतलात तर स्त्री खरेदीदार म्हणून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, दीड लाख वाचतात. यजमानांचं नाव जोडलं की ती जाते. ओसी (पालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेला फ्लॅट बिल्डरकडून घेतला तर जीएसटी लागत नाही, त्यामुळे शेजारच्या तयार इमारतीचा भाव थोडा चढा दिसला तरी बेरीज करून मगच तुलना करा.

भाड्याचं गणितही आधीच मांडा. समजा भाडं ४० हजार, मेंटेनन्स ७ हजार, वर्षात एक महिना घर रिकामं. मालमत्ता कर धरण्याआधीच वर्षाला साधारण ३ लाख ५६ हजार उरतात. किंमत आणि वरखर्च मिळून १ कोटी ६७ लाखांवर हे दोन टक्क्यांच्या जरासं वर. कर्ज काढून घेतलात तर हप्ता दरमहा खिशातूनच जाणार. शिवाय तुम्ही अनिवासी, म्हणून भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, कापायचा असतो. तो विवरणपत्र भरून परत मागता येतो, पण तोवर रोकड अडकते.

सगळ्यात मोठा धोका मात्र बावीसाव्या मजल्यात आहे. महारेरा या राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा आणि कमेन्समेंट सर्टिफिकेटची (पालिकेच्या बांधकाम परवानगीची) पीडीएफ उतरवा. पहिल्या पानावर थांबू नका. पालिका परवानगी टप्प्याटप्प्याने वाढवते, त्याचे शेरे शेवटच्या पानांवर असतात. शेरा चौदाव्या मजल्यापर्यंतचा असेल तर तुमच्या मजल्याला आज परवानगीच नाही, आणि तुम्ही कागदावरची हवा विकत घेताय. महारेरावरच्या प्रकल्पाच्या त्याच पानावर प्रकल्पावरचं कर्ज दिसतं. प्रकल्प गहाण असेल तर त्या बँकेचं तुमच्या फ्लॅटपुरतं ना-हरकत पत्र कराराआधी घ्या. ताब्याची तारीख करारात आणि महारेरावर एकच आहे का, तेही पाहा. ताबा चुकला तर व्याजासह परतावा मागण्याचा हक्क आहे. पण आदेश मिळाला तरी वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते आणि तिला वेळ लागतो, म्हणून आधीची तपासणीच महत्त्वाची.

—

वर उत्तर दिलेल्या काकांच्या म्हणण्याला माझी जोड.
ताई, यावं लागेलच असं नाही. भारतातल्या विश्वासू नातेवाइकाला विशिष्ट कुलमुखत्यारपत्र (ठरावीक कामापुरतं तुमच्या वतीने सही करण्याचं अधिकारपत्र) द्या. दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घ्या आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत हटकून चुकते आणि ऐन नोंदणीच्या दिवशी कागद अडकतो. अधिकार मोजकेच लिहा : या एकाच फ्लॅटचा करार, दुय्यम निबंधकासमोर कबुली, ताबा घेणं. विकण्याचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार त्यात घालू नका.

पैसे एनआरई किंवा एनआरओ या अनिवासींच्या भारतातल्या बँक खात्यांतूनच द्या, प्रत्येक हप्त्याचा बँकेचा कागद जपा. पुढे पैसे दुबईला न्यायचे झाले तर बँक तोच मागते. आणि विकताना लक्षात ठेवा : विकणारा अनिवासी असला की खरेदीदार बहुतेक वेळा नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर टीडीएस कापतो. दोन वर्षांहून जास्त ठेवलेल्या घरावर दर १२.५ टक्के, वर अधिभार आणि सेस. दीड कोटीवर नुसते मूळ दरानेच पावणेएकोणीस लाख अडकतात. त्यामुळे कमी दराने कपातीचा दाखला आयकर खात्याकडून विक्रीआधी घ्यायचा, नंतर नाही.