कोडिंग नको म्हणून हा विषय?

ताई, "भाचीला कोडिंग आवडत नाही, तर माहिती प्रणाली व्यवस्थापन घेऊ दे का?" या तुमच्या प्रश्नावर थोडी भर. कोडिंग कमी असतं हे खरं, पण एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, काही चुकत नाही. नॉर्मलायझेशनने, म्हणजे तीच माहिती पुन्हा पुन्हा साठू नये म्हणून तक्ते नीट विभागण्याने, भल्याभल्यांना रडवलंय. (आम्हालाही.) खरी मजा केस स्टडीत. हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैत, ऐन हॅलोविन सणाच्या ऑर्डरी येताना, नवी ईआरपी प्रणाली (हिशेब, साठा, ऑर्डरी असं सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) सुरू केली. गोदामात माल होता, तरी सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी अडकल्या. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकलेलं! असलं वाचायला तिला आवडत असेल तर खुशाल घेऊ दे. फक्त हिशेबाचा कंटाळा नको. जमाखर्च न कळता ईआरपी डोक्यावरून जातं.