मदत हवी आहे: लॅबच्या फॉर्मवरचा ‘पुरुष / स्त्री’ हा रकाना कसा बदलावा?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात पाचपाखाडीला एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काउंटर आणि बिलिंग सांभाळते. आमचा नोंदणीचा फॉर्म नव्याने छापायचाय आणि सॉफ्टवेअरवाल्यालाही याच महिन्यात बदल सांगायचेत. सरांनी ते काम माझ्यावर सोपवलंय. एका रकान्यापाशी अडले आहे. इथे डॉक्टर आहेत, सॉफ्टवेअरवाले आहेत, आणि हा रकाना ज्यांना दर वेळी टोचतो असेही कुणी असतील, म्हणून विचारते.

निमित्त असं झालं. तेविशीतले एक पेशंट सकाळी उपाशीपोटी आले. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी. फॉर्म सुवाच्य अक्षरात भरलेला, पण ‘पुरुष / स्त्री’ यातल्या कशावरच खूण नाही. शेजारी बारीक अक्षरात ‘नॉनबायनरी’, म्हणजे स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री न मानणारी व्यक्ती. काउंटरवरचा मुलगा स्वभावाने चांगला आहे, पण सॉफ्टवेअर पुढे सरकेना म्हणून त्याने भरलेल्या बाकांसमोर मोठ्याने विचारलं, “सर लिहू की मॅडम?” सगळ्यांनी वळून पाहिलं. ते म्हणाले, “काहीही लिहा,” आणि बाही वर करत आत गेले. एरवी रिपोर्ट न्यायला स्वतः यायचे, या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला.

ते “काहीही लिहा” मला फार लागलं. रक्त द्यायला आलेल्या माणसाला आधी चारचौघांत हे सोसावं लागू नये.

आता अडचण नेमकी कुठे आहे ती सांगते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहिण्याआधी मिस्टर, मिसेस, मिस, मास्टर, बेबी यातलं एक निवडावंच लागतं. ‘मिस’ निवडलं की पुढच्या चौकटीत आपोआप ‘एफ’ येतं आणि ती चौकट करडी होते, मग तिथे काही बदलता येत नाही. तेच अक्षर ट्यूबच्या स्टिकरवर वयाला चिकटून छापलं जातं, तेच बिलावर आणि तेच रिपोर्टवर. रिपोर्टच्या उजव्या बाजूची नॉर्मल रेंजही त्यावरूनच येते. हिमोग्लोबिन १२.४ आलं, तर ‘एफ’ असताना सगळं ठीक, ‘एम’ असताना तोच आकडा ठळक होऊन ‘कमी’ दाखवतो. नुसता ‘इतर’ असा तिसरा पर्याय टाकून पाहिला, तर रेंजची जागाच कोरी आली. कोरी रेंज घेऊन पेशंट डॉक्टरकडे कसा जाणार?

रकानाच काढून टाकू म्हटलं, तर सर म्हणतात की लॅबच्या दर्जाच्या मानांकनाच्या तपासणीत रुग्णाच्या ओळखीत जन्मतारखेबरोबर लिंगही बघतात, तो ठेवावाच लागेल. आमच्यातल्या एकांचं म्हणणं, ‘इतर’ लिहिणाऱ्याकडून सरकारी सर्टिफिकेट घ्यावं. मला ते पटत नाही, पण उलट काय सांगायचं ते सुचत नाही. शिवाय मेडिक्लेमवाले आणि कंपनीच्या वार्षिक तपासणीचे पेशंट असतात. तिथे आधारवर एक आणि रिपोर्टवर दुसरं असं झालं तर पेशंटलाच त्रास होईल का, हीही धास्ती आहे. आणि मराठी फॉर्मवर शब्द कोणते ठेवू? ‘तृतीयपंथी’ लिहिलं तर पुरेल का?

कुणाच्या लॅबमध्ये, दवाखान्यात किंवा क्लासच्या फॉर्मवर हे नीट केलेलं असेल तर कृपया सांगा.

— पाचपाखाडीची ताई

रेघोट्या: ताई, मी कळव्याला पॅथॉलॉजीतच आहे. तुम्ही एका चौकटीकडून दोन कामं करून घेताय, ती वेगळी करा. पेशंट कोण आहे हा एक प्रश्न आणि कुठली रेंज लावायची हा दुसरा. दुसरा प्रश्न सगळ्या टेस्टना लागतही नाही. शुगर, एचबीए१सी, व्हिटॅमिन डी यांच्या रेंज स्त्री-पुरुषांना सारख्याच. लागतो तो हिमोग्लोबिन, फेरिटिन, युरिक अ‍ॅसिड, एचडीएल, क्रिएटिनिन असल्यांना. जागतिक आरोग्य संघटनेने रक्तक्षयाची रेषा मोठ्या पुरुषांसाठी १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी १२ ग्रॅमवर धरली आहे, म्हणून तुमचं १२.४ बरोब्बर मध्ये सापडलं.

आणि जन्माच्या वेळी कुठलं लिंग नोंदवलं एवढं विचारूनही भागत नाही. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, औषध म्हणून चालू असेल तर काही महिन्यांत हिमोग्लोबिन वर सरकतं आणि पुरुषांची रेंज जास्त जुळते. तेव्हा अशा टेस्ट असतील तरच, आणि तेही रक्त घेताना पडद्याआड, “हार्मोनची औषधं चालू आहेत का?” एवढं विचारावं. खात्री नसेल तर रिपोर्टवर दोन्ही रेंज छापा, अर्थ लावणं डॉक्टरचं काम आहे. कोरी मात्र सोडू नका.

जुना ठाणेकर: राग मानू नका, पण वर्षाकाठी असे किती पेशंट येणार? एवढ्यासाठी सॉफ्टवेअर बदलायचा खर्च छोट्या लॅबने का करावा?

रेघोट्या: दादा, २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या नोंदीत ४,८७,८०३ माणसं मोजली गेली, त्यातली ४०,८९१ महाराष्ट्रात. घरी प्रगणकासमोर ज्यांना बोलता आलं तेवढीच ही. आणि समजा एकच पेशंट आला, तरी चुकीच्या रेंजचा रिपोर्ट त्याच्या हातात गेलेला चालेल का?

नेरूळची खाडी: ताई, तुमच्या पेशंटच्या जागी मी स्वतः आहे, म्हणून सविस्तर लिहावंसं वाटतंय.

सर्टिफिकेट मागू नका, ही विनंती. ‘स्त्री’वर खूण करणाऱ्या बाईंकडे तुम्ही पुरावा मागता का? रक्ताच्या तपासणीला कुणाचाच मागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सांगितलं की आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्या माणसाचा आहे. २०१९ साली ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला तेव्हा त्याच्या व्याख्येत ‘जेंडरक्वीअर’ (स्त्री-पुरुष या ठरलेल्या चौकटीत न बसणारी व्यक्ती) हा शब्दही घातला होता. त्या कायद्याखालचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं असं ठरलं. म्हणजे नेरूळ-वाशीच्या माणसाला ठाणे, आणि काही स्टेशनं पुढे खारघरला राहणाऱ्याला अलिबाग, कारण खारघर रायगड जिल्ह्यात. अर्ज ऑनलाइन होतो, पण कागद निघाला की घरी विषय निघतो. माझ्या घरी तो अजून काढता आलेला नाही, म्हणून आधारवर जुनंच आहे. सीबीसीसाठी कुणी हे सगळं करून यावं का?

पर्याय देणं नवं नाही. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्येच बँकांना फॉर्मवर तिसरा पर्याय ठेवायला सांगितलं, पॅनच्या अर्जात तो २०१८ ला आला, रेल्वेच्या आरक्षणातही आहे. पण तिथे बहुतेक ठिकाणी एकच जास्तीचा रकाना असतो. तृतीयपंथी समाजाची स्वतःची परंपरा आहे, गुरू आहेत, घराणी आहेत. तिथे खूण केली तर माझी नसलेली ओळख मी घेतल्यासारखं होतं, आणि त्यांचीही नोंद चुकते. म्हणून माझी सूचना अशी: स्त्री, पुरुष, तृतीयपंथी / ट्रान्सजेंडर, नॉनबायनरी, ‘सांगायचं नाही’, आणि एक मोकळी ओळ. ‘इतर’ एकटं ठेवू नका.

सगळ्यात मोठी मदत मात्र फुकटात होते. हाक मारताना टोकन नंबर पुकारा, किंवा नुसतं नाव घ्या, आधी मॅडम-सर नको. फॉर्मवर जे लिहिलंय ते काउंटरवरून मोठ्याने वाचू नका, शंका असेल तर फॉर्म पुढे सरकवून बोटाने दाखवा. मला लॅब बदलाव्या लागल्या आहेत त्या फॉर्ममुळे कमी, हाकेमुळे जास्त.

ऐरोली_लोकल: सॉफ्टवेअरचं मी सांगतो. ‘मिस’ला ‘एफ’ बांधलेलं आहे ती सॉफ्टवेअरच्या मूळ यादीतली सेटिंग असणार, बहुतेक सिस्टिममध्ये ती सुटी करता येते. मिस्टर-मिसेसचा रकाना ऐच्छिक करायला सांगा, नाही ऐकलं तर यादीत एक रिकामा पर्याय वाढवून मागा. रेंजसाठी वेगळं फील्ड मागा. ते छपाईत येणार नाही, फक्त आत हिशोबाला वापरलं जाईल. स्टिकरवर नाव, वय आणि बारकोड असला की ट्यूब ओळखायला पुरतं, पण सरांना विचारून घ्या. मेडिक्लेमच्या पेशंटसाठी ‘ओळखपत्राप्रमाणे’ असं आणखी एक फील्ड ठेवा आणि ते त्यांच्याच बिलावर छापा. सगळ्यांना विचारू नका.

पाचपाखाडीची ताई: मनापासून आभार. टोकन नंबर उद्यापासूनच पुकारायला घेते, त्याला सॉफ्टवेअरवाल्याची वाट बघायला नको. ‘इतर’ काढून नेरूळची खाडी यांनी दिलेले पर्याय घालते. सर्टिफिकेटचा विषय सरांशी बोलले. “पुरावा सगळ्यांकडे मागू किंवा कुणाकडेच नाही,” म्हणाले, आणि सगळ्यांकडे मागणं शक्य नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. दोन रेंज छापायला ते तयार आहेत, मजकूर काय असावा तेवढं रेघोट्या यांनी लिहून दिलं तर बरं होईल.

अजून एक राहिलं. शेजारच्या खोलीत एक्स-रे होतो. तिथे फक्त ‘एफ’ लिहिलेल्यांनाच गरोदर आहात का असं विचारतात. अक्षर गेलं की हा प्रश्न कुणाला विचारायचा हेच कळणार नाही, आणि तो सुटला तर धोका आहे. वयाप्रमाणे सगळ्यांनाच लेखी विचारावं का? तुमच्याकडे हा प्रश्न कसा विचारतात, वाक्यासकट सांगा.